ओकच्या तुळया आणि तुमचे बारा एकर

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या मालकीचं बारा एकर ऐन-किंजळाचं रान आहे. वर्गखोल्यांसाठी पैसे हवेत म्हणून ते सरसकट ठेकेदाराला द्यायचं घाटतंय. सभेत मी ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजची गोष्ट सांगितली. सभागृहाच्या तुळया कधीतरी किडणार, हे ओळखून संस्थापकांनी तेव्हाच ओक लावून ठेवले होते म्हणे. एक सदस्य हसून म्हणाले, ‘थाप आहे.’ खरं काय?
– एक प्राध्यापिका, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, सदस्यांचं बरोबर आहे. कॉलेज 1379चं, आणि ज्या रानांतून ओक आले ती बकिंगहॅमशायरमधली एकली आणि ग्रेट हॉरवुडची रानं कॉलेजकडे आली 1441 साली. म्हणजे संस्थापकांनी तिथे तुळयांची सोय करून ठेवणं शक्यच नव्हतं. 1862च्या सुमारास छप्पर बदलायची वेळ आली, तेव्हा तिथले मोठे ओक तोडले, एवढं मात्र खरं.

पण ते ओक तिथे उभे कसे राहिले, हे सभेत सांगा. अशा रानात ओकांच्या मधे हेझल आणि ॲश ही झाडं असतात. ते वीस-पंचवीस वर्षांनी बुंध्याशी तोडायचे. वासे-काठ्या मिळतात आणि खुंटाला पुन्हा फुटवे येतात. आपल्या उसाचा खोडवाच म्हणा ना! ओकाला मात्र दीडशे वर्षं हात लावायचा नाही. दर तोडीला पैसा येत राहतो, म्हणून ओक विकायची घाई नसते.

ऐन-किंजळही असेच फुटतात. माझी हयात कोकणातल्या रानांत गेली, म्हणून ठामपणे लिहितो : बारा तुकडे पाडा, वर्षाला एकच तोडा. प्रत्येक एकरात सरळ, निरोगी अशी वीसेक झाडं चुन्याचा पट्टा मारून राखा. ती मोजून वहीत लिहा, नाहीतर रात्रीत कमी होतात. तोड जमिनीलगत, तिरकी, धारदार कोयत्याने; साल फाटली की खुंट कुजतो. पुढच्या वर्षी खुंटाला दोन-तीनच जोमदार फुटवे ठेवा. तोडलेल्या तुकड्यात तीन वर्षं गुरं नकोत, राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) कवळं, म्हणजे हिरव्या फांद्या, तोडणंही नको. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, काढा.

1964च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी आधी घ्या. ‘मी बघतो सगळं’ म्हणणाऱ्या ठेकेदारावर सोडू नका. दंड झाला तर तो मालकाच्या, म्हणजे कॉलेजच्याही, नावावर लागू शकतो.

वर्गखोल्यांचे पैसे यातून एकरकमी निघणार नाहीत, हेही सभेत सांगून टाका. पहिल्या तुकड्याची तोड झाली की खुंटांचे फोटो पाठवा.