अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे गुणधर्म? मुळीच नाही

हिंजवडीहून एका वाचकाने विचारलंय : वेबपानावरच्या बटणाच्या 'डिसेबल्ड' (बटण बंद ठेवणाऱ्या) या अ‍ॅट्रिब्यूटला (म्हणजे पानाच्या कोडमध्ये घटकाला लावलेल्या नाव-किमतीच्या जोडीला) स्क्रिप्टमधून 'फॉल्स', म्हणजे 'नाही', दिलं, तरी बटण बंदच, ढिम्म. आणि टीमच्या मराठी टिपणात अ‍ॅट्रिब्यूटला 'गुणधर्म' लिहिलंय, ते चालेल का?

नाही चालणार. मग प्रॉपर्टीला, म्हणजे पान उघडल्यावर ब्राउझर घटकाची जी चालू किंमत जवळ ठेवतो तिला, काय म्हणाल? तिलाही गुणधर्मच म्हणतात, हाच तर घोळ आहे! (पुण्यात प्रॉपर्टी म्हणजे टू बीएचके, ते सोडा.) प्रॉपर्टीच्या मुळाशी लॅटिन 'प्रोप्रियुस' आहे : स्वतःचं, अंगचं. अ‍ॅट्रिब्यूटच्या मुळाशी 'त्रिबुएरे' : वाटून देणं, कुणाच्या तरी नावे लावणं. एक अंगचं, दुसरं वरून लावलेलं. ब्राउझरही हा भेद पाळतो. एचटीएमएलमध्ये (वेबपान लिहायच्या भाषेत) इनपुटच्या, म्हणजे टाइप करायच्या चौकटीच्या, 'व्हॅल्यू'त 'पुणे' लिहिलंय आणि वापरणाऱ्याने ते खोडून 'सातारा' टाइप केलं, तर प्रॉपर्टी 'सातारा' सांगते. गेटअ‍ॅट्रिब्यूटला (कोडमधला अ‍ॅट्रिब्यूट वाचणाऱ्या आज्ञेला) विचाराल, तर 'पुणे'च.

परिभाषावाले 'गुणविशेष' सुचवतात. 'आयडी' हा कुणाचा गुण हो? 'एचआरईएफ' (लिंकचा पत्ता) हा कसला विशेष? शब्दाला शब्द लावून मोकळे!

आपल्याकडे शब्द तयार आहे : उपाधी. उप, आ आणि 'धा' धातू. जवळ आणून ठेवलेलं. समाधी, संधी, निधी ही याच 'धा'ची भावंडं. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. वेदान्तात ती जास्वंद म्हणजे उपाधी. फूल उचललं की स्फटिक पुन्हा पांढरा. फुलाला 'तू लाल नाहीस' असं बजावून काही होत नाही! शिवाय मराठीत 'नसती उपाधी मागे लागली' असंही आपण म्हणतोच, आणि प्रोग्रामरांना हा अर्थ कोशात बघावा लागू नये.

डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश या शब्दाबद्दल काय म्हणतो, ते पाहायला मला आवडलं असतं. पण १९४८ला सुरू झालेल्या त्या कामाचे छापील खंड 'अ'मध्येच आहेत. 'उ' येईतो मी कुठला!

बटण राहिलंच की. 'डिसेबल्ड' नुसता हजर असला तरी पुरतो, किंमत 'फॉल्स' द्या नाहीतर 'टोमॅटो'. रिमूव्हअ‍ॅट्रिब्यूट ही अ‍ॅट्रिब्यूटच काढून टाकणारी आज्ञा वापरा, फूल उचला.