फाउंड्रीतली इंटर्नशिप: काय मिळेल, काय मिळणार नाही

डिप्लोमा मेकॅनिकलच्या बारा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी तुला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणारा कारखाना, मिळाली आहे. तिथे खरंच शिकवतात की नुसतं बसवून ठेवतात, आणि स्टायपेंड मिळतो का, असं तू विचारलं आहेस. मी याच पट्ट्यात कास्टिंगच्या क्वालिटी विभागात बरीच वर्षं आहे आणि दर उन्हाळ्यात तुझ्यासारखी मुलं येताना बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. कॉलेजच्या इंटर्नशिपला बहुतेक ठिकाणी स्टायपेंड कंपनीच्या मर्जीवर असतो. कुठे कँटीन आणि बसची सोय होते, कुठे तीही नाही. रुजू होण्याआधीच एचआरला विचारून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बरीच मुलं अप्रेंटिसशिप आणि हे एकच समजतात. अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते, तिचा करार नोंदवला जातो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. डिप्लोमा झाल्यावर नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवरून ती करता येईल.

पहिले काही दिवस गेटपास, सेफ्टीची माहिती आणि वाट बघणं यातच जातील. सुपरवायझरच्या डोक्यावर डिस्पॅच असतो, तुला हाताशी धरून शिकवायला त्याला सवड नसते. तो शिकवेल म्हणून थांबलास तर बारा आठवडे असेच संपतील.

त्यापेक्षा एकच जॉब, म्हणजे तिथे बनणारा एकच भाग, निवड आणि त्याचा पाठलाग कर. समजा, एखादं पंपाचं केसिंग. त्याचा पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) कसा आहे, कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) कुठे बसतो, मोल्ड (वाळूचा साचा) कसा बंद करतात, मग पोअरिंग (ओतणं), नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्‍यांच्या मार्‍याने साफ करणं), फेटलिंग (जादा धातू घासून काढणं) आणि शेवटी इन्स्पेक्शन. सँड लॅबमध्ये बस. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण तीन-चार टक्के ठेवतात, तो वाढला की ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायूमुळे पडणारी भोकं) कसे येतात हे रिजेक्शनच्या ढिगाजवळ उभं राहिल्यावर जितकं पटतं तितकं वर्गात पटत नाही. भट्टीवर नाण्याएवढा चिल सॅम्पल (झटकन थंड केलेला धातूचा नमुना) ओतून स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राकडे, पाठवतात, कार्बन-सिलिकॉनचं रीडिंग येतं आणि त्यावरून भट्टीत काय टाकायचं ते ठरतं. ते ठरवणाऱ्या माणसाला ‘का’ विचार. एका डिफेक्टचं मूळ तू स्वतः शोधलंस, तर रिपोर्टला आणि पुढच्या इंटरव्ह्यूला तेवढं पुरे आहे. फेटलिंगवाल्या जुन्या कामगारांशी जरूर बोल. कुठल्या जॉबला कुठे खोट येते हे त्यांना हाताला कळतं. मामा-काका म्हणून आदराने विचारलंस तर भरभरून सांगतात.

सुरक्षेबाबत मात्र कुणाचंही ‘चालतंय की’ ऐकू नकोस. ओतायचं लोखंड 1400 अंशांच्या आसपास असतं. ओला स्क्रॅप भट्टीत गेला तर स्फोट होतो. सेफ्टी शूज, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाल. सिंथेटिक कापड वितळून अंगाला चिकटतं. लॅडल (वितळलेलं लोखंड नेणारं भांडं) निघाली की तिच्या वाटेत उभा राहू नकोस. आणि कामगार आला नाही म्हणून तुला ग्राइंडरवर किंवा रात्रपाळीला एकट्याला उभं केलं, तर नम्रपणे नकार दे आणि त्याच दिवशी कॉलेजच्या मेंटर सरांना फोन कर. तू शिकायला आला आहेस, कंत्राटी कामगाराची जागा भरायला नाही. फायली लावणं, रीडिंग उतरवणं अशी कामं मात्र कर, त्यातूनच कुठला कागद कुठे जातो ते कळतं.

मोबाइलवर फोटो काढू नकोस, ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं. डायरीत हाताने स्केच काढ. डायरीवर सही दर आठवड्याला घे, शेवटी एकदम मागितलीस तर सुपरवायझर सुट्टीवर असायचा. सर्टिफिकेटचा मसुदा आठवडाभर आधी एचआरकडे दे आणि त्यावरच्या तारखा कॉलेजच्या पत्राशी जुळवून बघ. दरवर्षी दोन-चार मुलं याच कारणासाठी परत गेटवर येतात.