बोट कुठे जाते ते आधी पाहा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून दीड वर्ष झालेल्या बाईंचा स्तन अजून दुखतो, मॅमोग्राफी मात्र निर्दोष आली आहे, तेव्हा त्यांना काय सांगावे, असे तू विचारले आहेस. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी अशा स्त्रियांना ‘रिपोर्ट चांगला आहे, आता मनातून काढून टाका’ असे सांगून पाठवत असे. त्या मान डोलावून जात, पुन्हा तक्रार करीत नसत आणि त्यांना गुण आला, असे मी समजत असे.

ही तक्रार विरळा नव्हे. डेन्मार्कमधील २००९ सालच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांनी वेदना असल्याचे सांगितले होते, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या स्त्रियांचे प्रमाण अधिक होते.

म्हणून बाईंना दुखरी जागा बोटाने दाखवायला सांग. बोट काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जात असेल आणि ‘मुंग्या येतात’, ‘बधिर वाटते’, ‘पदर लागला तरी झोंबते’ असे शब्द येत असतील, तर काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाकडे जाणारी संवेदनेची नस ताणली किंवा कापली गेली असण्याचा संभव मोठा आहे. अशा दुखण्यावर पॅरासिटामॉल फारसे चालत नाही. ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन अल्प मात्रेपासून सुरू करावे लागते. ॲमिट्रिप्टिलिन नैराश्यावरही देतात, हे तूच आधी सांग. नाहीतर मोबाइलवर नाव शोधून ‘मला वेडी ठरवले’ म्हणत त्या गोळी बंद करतील. ड्युलोक्सेटिनही उपयोगी पडते, परंतु टॅमॉक्सिफेन, म्हणजे कर्करोग परतू नये म्हणून देतात ती गोळी, चालू असेल तर ते लिहिण्याआधी थांब, कारण टॅमॉक्सिफेनचे यकृतात प्रभावी रूपात होणारे रूपांतर त्याने मंदावू शकते.

स्तन जड, घट्ट आणि ओढल्यासारखा वाटत असेल, तर तो बहुधा किरणोपचाराचा परिणाम असतो. तिथे खांद्याचे व्यायाम आणि नीट आधार देणारी ब्रा यांचा उपयोग होतो.

नवी गाठ, लाली, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा किंवा एकाच बरगडीवर दिवसेंदिवस वाढणारे दुखणे आढळले, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नकोस. पुन्हा तपासणी कर.

बाई पुढच्या वेळी आल्या की त्यांचे बोट कुठे गेले, ते कळव.