रोमन ‘स्कूटम’ला फलक म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रोमन सैनिकाच्या ‘स्कूटम’ या ढालीसाठी भाषांतरात ‘फलक’ लिहिलं तर चालेल का, की वाचकाला दुकानावरची पाटी आठवेल?

चालेल की! खटकायचंच असेल तर ‘रोमनांची पोलादी ढाल’ खटकू द्या. जिकडेतिकडे हे पोलाद वाचून वीट आला. अहो, ती ढाल लाकडाची. पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने चक्क कृती दिली आहे: फळ्यांचे दोन थर सरसाने चिकटवायचे, त्यावर कापड, कापडावर वासराचं कातडं. लोखंड लागायचं ते वरच्या-खालच्या कडांना आणि मधल्या फुगवट्याला, बस्स. सीरियातल्या ड्यूरा-युरोपसला सापडलेली तिसऱ्या शतकातली ढाल आज येल विद्यापीठात आहे. तिच्यात पातळ पट्ट्यांचे तीन थर आहेत, एक उभा तर पुढचा आडवा. म्हणजे प्लायवूडच, तेही बाक दिलेलं. जाडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर!

आता खरी गंमत. व्हॅरो हा रोमन पंडित ‘स्कूटम’ काढतो ‘कापणे’ या अर्थाच्या ‘सेकारे’वरून, का, तर ती बारीक कापलेल्या फळ्यांची असते म्हणून. व्युत्पत्ती चुकली, पण गडी अर्थाच्या दारापर्यंत बरोबर पोचला. आयरिश ‘स्किअ’, रशियन ‘श्चित’ ही याच शब्दाची भावंडं, अर्थही ढालच. मूळ धातू चिरण्या-फाडण्याचा, आपल्या ‘छेद’, ‘छिद्र’ यांच्या घराण्यातला. स्कूटम म्हणजे मुळात चिरून काढलेली फळी. काही कोश अजूनही ‘झाकणे’ अर्थाचा धातू पुढे करतात. त्या धातूतला ‘उ’ आयरिश-रशियन रूपांत कुठे गडप झाला, तेवढं या मंडळींनी एकदा सांगावं. लॅटिन ‘स्कूटम’मधला ‘ऊ’ जुन्या ‘ओइ’चा झालेला आहे, ‘ओइनोस’चं ‘ऊनुस’ (म्हणजे ‘एक’) झालं तसाच.

आणि आपल्याकडे काय? अमरकोशात ढालीला ‘फलक’ही आहे आणि ‘चर्म’ही. एक नाव लाकडावरून, दुसरं कातड्यावरून. स्कूटममध्ये दोन्ही एकावर एक. याहून चपखल प्रतिशब्द कुठे मिळायचा?

गोवेकरांना तर हा शब्द खिशातला. पोर्तुगीजांनी 1958 साली तिथे रुपया मोडून ‘एस्कुदो’ आणला. एस्कुदो म्हणजे ढाल, थेट ‘स्कूटम’चाच वंशज; नाण्यावर ढालीचं राजचिन्ह असायचं म्हणून नाण्यालाच ते नाव पडलं. 1961 पर्यंत म्हापशाच्या बाजारात माणसं ढाली मोजून मासळी घेत होती म्हणायची!