रांगोळी: ठिपक्यांचा हिशेब आणि हाताची मोकळीक

प्रश्न : नमुना समोर ठेवून, ठिपके मोजून रांगोळी काढते, तरी फूल लांबट होतं आणि शेवटी एक पाकळी चेपली जाते. शिवाय सगळी नक्कलच. स्वतःचं काही सुचतच नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : फूल लांबटतं ते बहुधा ओळींमधल्या अंतरामुळे. ठिपके दोन तऱ्हांनी मांडतात: समोरासमोर किंवा मधोमध, म्हणजे खालचा ठिपका वरच्या दोहोंच्या मध्ये. मधोमध मांडताना दोन ठिपक्यांत ३ सेंटिमीटर असतील, तर दोन ओळींत २.६ ठेवायचे. तिथेही ३ ठेवले, की आकृती उभी ताणली जाते. समोरासमोर असतील तर दोन्हीकडे ३च.

दरवेळी मोजत बसू नका. जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीने एकदा नीट आखा आणि पेटत्या उदबत्तीच्या टोकाने खुणांवर भोकं पाडा. टोक टेकवून लगेच उचलायचं. रेंगाळलं तर भोक पसरतं आणि ठिपक्याचा ढीग होतो. हे काम पंख्याखाली करू नये, पाण्याचा तांब्या जवळ असावा. मग कागद जमिनीवर अंथरून रांगोळी भुरभुरायची, तळहाताने हलकेच पसरायची आणि कागद सरळ वर उचलायचा. एका कडेने ओढला तर सगळे ठिपके पुसले जातात.

आता नकलेचं. '७ ते ४' म्हणजे मधल्या ओळीत ७ आणि दोन्हीकडे कमी होत ४. एकूण ३७ ठिपके. एवढ्यावर आठवडाभर रोज वेगळी रांगोळी सहज निघते. मधल्या ठिपक्याभोवती सहा ठिपके असतात, म्हणून या मांडणीत सहा पाकळ्या आपोआप बसतात. समोरासमोरच्या मांडणीत चार किंवा आठ. चार पाकळ्यांचा नमुना मधोमधच्या ठिपक्यांवर ओढूनताणून बसवायला गेलात, तर कुठेतरी चेपणारच.

मधल्या ठिपक्यापासून बाहेर, फक्त एका सहाव्या भागात मनाला येईल ती रेघ काढा. तीच रेघ उरलेल्या पाचही भागांत काढून मगच पुढच्या रेघेला हात घाला. पुष्कळजणी एक पाकळी पूर्ण सजवून दुसरीकडे वळतात. मग चूक कळते ती सहाव्या पाकळीला, तेव्हा जागाच उरलेली नसते. ठिपके बांधून ठेवतात असं वाटतं खरं, पण कोऱ्या फरशीपुढे हात जितका अडतो, तितका ३७ ठिपक्यांपुढे अडत नाही.

प्रश्न : रेघ मध्येच तुटते, कुठे जाड तर कुठे बारीक येते. गुळगुळीत फरशीवर तर टिकतच नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रांगोळी दमट असेल तर चिमटीत गोळा होतो आणि रेघ तुटते. उन्हात वाळवा, पावसाळ्यात कढईत मंद आचेवर कोरडी परता, गार झाल्यावर चहाच्या गाळणीने चाळा. पिठासारखी बारीक पूडही अडते, तिला किंचित खर हवी. विकतच्या रंगात म्हणूनच चाळलेली बारीक वाळू मिसळावी.

चिमूट अंगठा आणि तर्जनीची. हात जमिनीपासून साधारण इंचभर वर ठेवायचा. रेघ घासायची नाही, सोडायची. जाडी हाताच्या वेगावर ठरते: वळणावर हात मंदावतो, तिथेच रेघ फुगते. वळणाआधी चिमूट जरा आवळा.

गुळगुळीत फरशीवर गेरूचा जाड थर देऊ नये, वाळला की पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा दोन फुटी चौकोनी प्लायवूडवर गेरूचे दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. ३ सेंटिमीटर अंतराने '१५ ते ८'ची मोठी रांगोळीही त्यावर मावते.

प्रश्न : चैत्रांगणाला ठिपके लागतात का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंतची ही रांगोळी मुक्तहस्त असते. आधी मधोमध गौरीचा पाळणा काढा, वर सूर्य-चंद्र; मग शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, गोपद्म. चिन्हं किती, याचा हिशेब घरोघरी वेगळा. जागा कमी असेल तर चिन्हं कमी करा, आकार नको; दोन इंचांहून लहान कासव चिमटीने धड निघत नाही.