संगणक-शंका : लॅपटॉपवर चालतं, दुकानात अडतं

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी सी++ आणि क्यूटी ५ (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) मध्ये पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब, काढायचा प्रोग्राम लिहिलाय. डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असतो, शेतकऱ्याला मेसेज जातो तो ओपनएसएसएल ही सुरक्षित जोडणीची लायब्ररी वापरून. माझ्या लॅपटॉपच्या उबुंटू २२.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) वर सगळं ठीक. दुकानातल्या २०.०४ वर मात्र ‘ग्लिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून थांबतो. एलडीडी (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी कमांड) दाखवेल त्या सगळ्या लायब्ऱ्या डेब फाइलमध्ये, म्हणजे उबुंटूच्या इन्स्टॉल-पॅकेजमध्ये, भरून देऊ का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नका भरू, आणि ग्लिबसी, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामच्या पायाशी असणारी सीची लायब्ररी, तर मुळीच नको. ती आणि तिचा लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ऱ्या जोडणारा) एकाच आवृत्तीचे लागतात. दुकानात लोडर २.३१ चा आहे. त्याच्या गळ्यात तुमच्या २२.०४ वरची २.३५ मारलीत तर प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच कोसळेल. आत्ता निदान कारण तरी छापून येतंय.

तुम्ही म्हणाल, मी २.३४ मधलं काही वापरलेलंच नाही. वापरलंय! मेनला (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनला) हाक मारणारं जे फंक्शन प्रत्येक प्रोग्रामला लागतं, त्याचीच नवी आवृत्ती २.३४ मध्ये आली. त्यामुळे २२.०४ वर रिकामा मेन जरी बांधलात (कंपाइल केलात) तरी तो २.३४ मागतो. ग्लिबसीच्या बाबतीत जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. तेव्हा डॉकरमध्ये २०.०४ चा कंटेनर (तुमच्याच लॅपटॉपवरची वेगळी, बंदिस्त उबुंटू) घ्या आणि तिथंच बांधा.

ओपनएसएसएलची गोष्ट वेगळी. २०.०४ वर लिबएसएसएल १.१ आहे, २२.०४ वर ३. दोन्हींचा एबीआय (बांधलेला प्रोग्राम लायब्ररीशी ज्या पद्धतीनं जुळतो ती) वेगळा, म्हणूनच सोनेममधला, म्हणजे लायब्ररीच्या अधिकृत नावातला, आकडा बदललाय. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) करून एकीला दुसरीचं नाव देणं ही फसवणूक आहे. दुकानदार कधीतरी २२.०४ वर जाणारच, जायलाच हवं, कारण २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला. म्हणून दोन्हींसाठी वेगळ्या डेब बांधा. ओपनएसएसएल पोटात घालून देऊ नका, नाहीतर तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या उबुंटूकडून आपोआप येतात ते बंद होईल आणि ते काम तुमच्या अंगावर पडेल.

डिपेंड्सची, म्हणजे लागणाऱ्या इतर पॅकेजांची, यादी हातानं लिहायचा सोस सोडा. डेबची माहिती असलेल्या कंट्रोल फाइलमध्ये ‘श्लिब्स:डिपेंड्स’ची जागा ठेवली की डीपीकेजी-श्लिबडेप्स हे साधन बायनरी (बांधून तयार झालेली फाइल) वाचून ती भरतं. पण क्यूटीला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर प्रोग्राम चालू असताना उघडला जातो, बायनरीत त्याची नोंदच नसते. लिबक्यूटी५एसक्यूएल५-पीएसक्यूएल हे पॅकेज तेवढं स्वतः लिहा. ते राहिलं तर खिडकी छान उघडेल आणि पट्टी निघणार नाही. (सौदा झाल्यावर हमाली-तोलाईचा हिशेब चालू असताना मालक तुमचं ड्रायव्हरपुराण ऐकणार नाहीत.)

चाचणी कोऱ्या कंटेनरमध्ये घ्या, तुमच्या लॅपटॉपवर सगळं आधीच पडलेलं असतं. आणि दुकानात डीपीकेजी -आय नको, ते बाकीची पॅकेजं आणून देत नाही. एप्ट इन्स्टॉलच द्या, फाइलच्या नावाआधी डॉट आणि स्लॅश घालून. नाहीतर एप्ट त्या नावाचं पॅकेज उबुंटूच्या भांडारात शोधत बसेल.