वाचक विचारतात : गोष्ट सांगायची म्हणजे फेकायची का?

प्रश्न : सर, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, सहा वर्षं झाली. चाकणला दोन ठिकाणी मुलाखत दिली. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की गाव, शाळा, डिप्लोमाचे टक्के सांगून गप्प होतो. ‘अवघड प्रसंग सांगा’ म्हणाले तर पुढं काय बोलायचं सुचत नाही. मित्र म्हणतो, गोष्ट करून सांग. मला ती फेकाफेकी वाटते. गेल्या पावसाळ्यात ब्लो होलमुळं, म्हणजे ओतलेल्या तुकड्यात राहणाऱ्या पोकळ्यांमुळं, वाढलेलं रिजेक्शन आम्ही खाली आणलं, पण ते काही माझ्या एकट्याचं काम नव्हतं. काय करू?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : सोन्यासारखा प्रसंग तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलात आणि टक्केवारीला मात्र वर मानाची जागा दिलीत. मुलाखतीतही हेच होत असणार.

शिरोलीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडं बसलो. ‘मेहनती आहे, सगळ्यांशी जुळवून घेतो’ हे येणारा प्रत्येक जण म्हणतो. दुपारी चहा घेताना आम्ही एकमेकांना विचारायचो, तो निळ्या शर्टवाला काय म्हणाला होता? कुणालाच आठवायचं नाही. ज्यानं एखादी भानगड कशी निस्तरली ते सांगितलं, तो मात्र लक्षात राहायचा.

म्हणून तुम्हाला उलट पत्र टाकून तपशील मागवला. तुम्ही कळवलंत ते असं. कोअरचे, म्हणजे तुकडा आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवतात त्या वाळूच्या ठोकळ्यांचे, ट्रे शटरजवळ ठेवलेले असायचे. पावसाळी दमट हवेत कोअर ओल धरतात, आणि त्यात तापलेला धातू पडला की त्या ओलीची वाफ होऊन कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. सगळे मोल्डिंगच्या वाळूला दोष देत होते. तुम्ही प्रत्येक ट्रेवर खडूनं तारीख लिहायला लागलात आणि रिजेक्ट तुकडे त्या तारखेप्रमाणं वेगळे मांडलेत. दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या कोअरचेच तुकडे जास्त निघाले. कोअर शॉपचा फोरमन आधी तुमच्यावरच खेकसला, मग ढीग बघून गप्प झाला. सुपरवायझरनं परवानगी दिली, रॅक आत हलला, जुना कोअर आधी वापरायचा आणि शंका आली तर पुन्हा सुकवायचा असं ठरलं.

आता सांगा, यात फेकलेलं काय आहे?

मुलाखत घेणारे बहुतेक ‘स्टार’ नावाच्या साच्यानं ऐकतात : परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय काम होतं, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. पहिल्या दोन गोष्टी तीन-चार वाक्यांत संपवा. कारखान्याचा इतिहास, मालकांचं नाव, किती टन माल निघतो, हे कुणी विचारलेलं नाही. वेळ खडूवर आणि त्या ढिगावर घालवा, कारण ती अक्कल तुमची. रॅक हलवला फोरमननं, परवानगी सुपरवायझरची, हेही सांगा. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला दिलं की तुमचा वाटा आपोआप उठून दिसतो, आणि एकट्यानं केलं नाही ही तुमची टोचणीही राहत नाही. शेवटी रिजेक्शन कितीवरून कितीवर आलं तो आकडा. तो मी सुचवणार नाही, तुमच्या रजिस्टरमध्ये असेल तोच सांगा.

रचलेली गोष्ट टिकत नाही याची मला खात्री आहे. कोअर कुठल्या पद्धतीचा होता, शेल की कोल्ड बॉक्स? किती दिवस लक्ष ठेवलं? फोरमनला कसं पटवलं? अशा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला फेकणारा गडबडतो. तुम्ही त्या ढिगापाशी उभे होता, तुम्हाला काय भीती?

दोन मिनिटांत बसवा. आधी घरात मराठीत मोठ्यानं सांगून बघा, मग इंग्रजीत. वाक्यं लहान ठेवा. ग्राहक कंपनीचं नाव आणि जुन्या कारखान्याची उणीदुणी चाकणला नेऊ नका. आणि हो, ‘स्वतःबद्दल सांगा’ला टक्के नकोत. ‘सहा वर्षं फाउंड्रीत क्वालिटी बघतो, दोष कुठून येतो ते शोधणं मला जमतं’ एवढं म्हणा. पुढचा प्रश्न तेच विचारतील.

प्रश्न : मी व्हीनस कॉर्नरजवळच्या एका पतसंस्थेत अकरा वर्षं क्लार्क आहे. शाखाधिकारीपदासाठी अर्ज केला, तर संचालक म्हणाले, ‘तुम्ही वेगळं असं काय केलंय?’ मला उत्तरच देता आलं नाही. रोजच्या कामात वेगळं काय असणार?
— एक भगिनी, शाहूपुरी

उत्तर : ताई, ऑगस्ट 2019 मध्ये तुम्ही कुठं होता? पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तुमच्या भागात घराघरांत शिरलं, हायवे बंद पडला. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला ताजा कलम म्हणून दोन ओळी आहेत : सोनेतारणाची रजिस्टरं आणि ठेव पावत्यांच्या फाइली पाणी चढायच्या आधी वरच्या मजल्यावर नेल्या, आणि सभासदांचे फोन घरून घेतले. ताजा कलमात कशाला? अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घाला.

त्या दिवशी काय आधी उचलायचं हे कुणी ठरवलं, कोण मदतीला होतं, पाणी ओसरल्यावर कुठलं काम आधी सुरू करता आलं, एवढं अर्ध्या पानात लिहा. संचालकांपैकी निम्म्या जणांचीच दुकानं त्या पाण्यात असतील, त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही.

पुढच्यासाठी एक साधी वही करा. महिन्यातून एकदा, नेहमीपेक्षा वेगळं काही निस्तरलं तर तारखेसह चार ओळी. मार्चमध्ये पगारवाढीची बोलणी निघतात तेव्हा मागचं आठवत बसायला नको.